छेडलेली तार, घासलेली तार

इ.स. १८६३ या एकाच सालात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. जर्मनीत हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनेवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तार छेडली तर कशी हलते, गजाने घासली तर कशी हलते, आणि त्यामुळे कानाला वेगळे का ऐकू येते, याचा उलगडा त्यात होता. इकडे नागपूरजवळ, सप्टेंबर महिन्यात, स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी टाकळघाटहून परत येत असताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होते. दगड, जीवाश्म, शिलावर्तुळे आणि माणसे, या सगळ्यांचा त्यांना नाद होता. त्यांच्या मागे राहिलेली कागदपत्रे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. त्या कागदांत लिंगोच्या कथेचे एक दीर्घ गोंडी गीत होते. ते एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेले होते.

गीताचे शब्द राहिले, कथा राहिली. पण ज्या वाद्याच्या साथीने परधान अशा कथा गातो त्याचा आवाज त्या कागदांवर उतरला नाही. तो उतरणार तरी कसा? आवाज साठवणारे एडिसनचे यंत्र निघाले १८७७ साली. म्हणजे शब्द एका पुस्तकात, आवाजाचे शास्त्र दुसऱ्या पुस्तकात, आणि प्रत्यक्ष आवाज मात्र गावोगाव फिरणाऱ्या परधानाच्या खांद्यावर, अशी ही वाटणी झाली. या लेखात आम्ही या तिन्ही गोष्टी एकत्र आणून पाहणार आहोत.

परधान आणि त्याची किंगरी

चंद्रपूर आणि गडचिरोली हा मुलूख आता दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच चंद्रपूर जिल्हा होता. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर गोंडांची वस्ती आहे. त्यांच्या कुळांचा इतिहास सांगणारे ते परधान. सरकारी यादीत त्यांच्याबरोबर पाठारी, सरोती ही नावेही दिसतात. विशिष्ट परधान घराणे विशिष्ट गोंड कुळाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले असते. कुळाचा देव म्हणजे परसापेन. त्याच्या पूजेत आणि मृत्यूनंतरच्या विधीत परधानाने कुळाची कथा गायची, आणि यजमानाने त्याचा मान द्यायचा, अशी ही रीत.

१९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने शेजारच्या आदिलाबाद भागात राहून या समाजाचा अभ्यास केला. त्याचे राजगोंडांवरचे पुस्तक १९४८ साली आले. त्याला एक गोष्ट विशेष वाटली. परधानांची घरची बोली मराठी, पण कुळकथा मात्र ते गोंडीत गातात. म्हणजे गोंडांच्या इतिहासाचा मोठा ठेवा मराठी बोलणाऱ्या लोकांनी तोंडपाठ जपला. आपल्या भाषेच्या शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

गाताना परधानाच्या हातात असते ती किंगरी. गोंडीत तिला कीकरी म्हणतात. लाकडाचे पोकळ पोट, त्यावर ताणलेले कातडे, एक दांडी, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. दांडीवर पडदे नाहीत. उत्तरेकडे मंडला भागात याच जातकुळीचे वाद्य ‘बाना’ या नावाने ओळखले जाते. तेथे त्याच्या तारासुद्धा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असतात, आणि त्याचे नाते थेट बडादेवाशी जोडतात. त्या परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

एक नाव, दोन वाद्ये

‘किंगरी’ हे नाव जुन्या ‘किन्नरी’शी जुळते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. तिला दांडी आहे, भोपळे आहेत, मेणाने बसवलेले पडदे आहेत, आणि ती बोटांनी छेडायची आहे. त्याच अध्यायात पिनाकी नावाची आणखी एक वीणा येते. ती मात्र केस लावलेल्या धनुकलीने घासून वाजवायची आहे. म्हणजे छेडणे आणि घासणे या दोन्ही रीती देवगिरीच्या पंडिताला माहीत होत्या, आणि दोन्हींना तो वीणाच म्हणत होता.

आता गंमत पाहा. गोदावरीच्या पलीकडे तेलंगणात ‘किन्नेरा’ नावाचे वाद्य आजही आहे. दांडी, सुके भोपळे, मेणाने बसवलेले पडदे, आणि बोटाने छेडायची रीत. बारा पडद्यांचा किन्नेरा वाजवणारे दर्शनम मोगुलय्या यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या बाजूला नाव तेच, पण वाद्य कातड्याचे, बिनपडद्यांचे आणि गजाने वाजणारे. दोन्ही वाद्ये कथा सांगणाऱ्यांच्या हातातली. मग एकाने तार छेडली आणि दुसऱ्याने घासली, याने नेमका काय फरक पडला?

नावे अशी भटकतात हे जगभर दिसते. अरबी ‘अल-ऊद’ म्हणजे लाकूड. हे वाद्य स्पेनमार्गे युरोपात गेले आणि नावाचे ‘ल्यूट’ झाले. पुढे वाद्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी पोट आणि दांडी असलेल्या सगळ्याच तंतुवाद्यांना ‘ल्यूट’ हे कुलनाम दिले. हे वर्गीकरण हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली मांडले. त्याच्या आधी, १८८० मध्ये, ब्रसेल्सच्या माइयोंने वाद्यांचे चार वर्ग केले होते, आणि ती कल्पना आपल्या नाट्यशास्त्रातल्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांवरून आलेली होती. या हिशेबाने सतार, सारंगी, किंगरी आणि व्हायोलिन एकाच कुळातली ठरतात. फरक आहे तो वाजवण्याच्या रीतीत.

बोट कोठे पडते?

शाळेत आपण सोनोमीटरवर तारेचे नियम शिकवतो. लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट होते. या दुसऱ्या नियमाचा शोध एका ल्यूटवादकाला लागला. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूट वाजवत. तारांना वजने टांगून त्यांनी पाहिले, तेव्हा वरचा सा मिळायला दुप्पट नव्हे तर चौपट वजन लागते असे त्यांना दिसले. पुढे १६३६ मध्ये फ्रान्सच्या मेर्सेनने लांबी, ताण आणि जाडी या तिन्हींचे नियम एकत्र मांडले.

पण हे नियम फक्त स्वर कोणता ते सांगतात. आवाज कसा आहे, गोड की खरखरीत, ते सांगत नाहीत. त्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तार हलते तेव्हा ती पूर्ण लांबीने हलते, तशीच दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही एकाच वेळी हलते. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर निघतात. कोणता उपस्वर किती, यावर आवाजाचा पोत ठरतो.

समजा तार बरोबर मध्यावर छेडली. दोन भागांत हलणाऱ्या तारेचा मध्यबिंदू स्थिर असायला हवा, पण आपण तर तोच ओढला. म्हणून दुसरा उपस्वर निघत नाही, चौथाही निघत नाही. आदर्श तारेसाठी गणित केले तर घोडीवर पडणाऱ्या जोराचे प्रमाण असे येते : मूळ स्वर १०० धरला, तर दुसरा ०, तिसरा ३३, चौथा ०. आता तीच तार घोडीपासून एक दशांश अंतरावर छेडा. प्रमाण येते १००, ९५, ८७, ७७. म्हणून मध्यावर छेडलेली तार मऊ, पोकळ वाटते, आणि घोडीजवळ छेडलेली तीच तार धारदार वाटते. स्वर बदललेला नाही. फक्त बोटाची जागा बदलली.

युरोपातल्या ल्यूटवादकांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. आधी ते पिसाच्या काडीने तारा छेडत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस एकाच वेळी दोन-तीन स्वरांच्या ओळी वाजवायची गरज पडू लागली, तेव्हा काडी गेली आणि उघडी बोटे आली. प्रथम अंगठा बोटांच्या आत, तळव्याच्या बाजूला ठेवीत. सोळाशे सालाच्या सुमारास पुष्कळांनी तो बाहेर काढला, आणि हात हळूहळू घोडीकडे सरकला. आवाज अधिक स्पष्ट झाला, मंद्र तारांवर ताबा आला. कोणती रीत चांगली, यावर वादकांत मतभेद राहिले. त्यांच्या संगीताला काय हवे होते ते पाहिले म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी पटतात.

आपल्याकडेही हेच

असे मतभेद आपल्या घरातही आहेत. सतारीत रविशंकर (१९२०-२०१२) यांनी खर्जाच्या जाड तारा ठेवल्या आणि जवारी खुली ठेवली. त्यामुळे झंकार भरपूर आणि आलाप खोलवर जाणारा झाला. विलायत खाँ (१९२८-२००४) यांनी त्या खर्जाच्या तारा काढल्या, जवारी बंद ठेवली, आणि पडद्यावर तार बाजूला ओढून गळ्यासारखी मींड काढण्यावर भर दिला. वाद्य एकच, पण एकाला वाद्याचा विस्तार हवा होता आणि दुसऱ्याला गायकाचा गळा. रुद्रवीणेचे झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले. त्यांनी बोटात नखी न घालता वाजवणे पसंत केले. नखी कठीण असते, तिने तारेला टोकदार कोपरा येतो आणि वरचे उपस्वर वाढतात. बोट मऊ आणि रुंद असते, त्यामुळे ते कमी होतात. हळू, धीम्या आलापाला हा भरीव आवाज शोभतो.

जवारीचे रहस्यही समजून घेण्यासारखे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वर आपण म्हटले की मध्यावर छेडल्यास दुसरा उपस्वर निघत नाही. रामन यांना दिसले की तंबोऱ्यात तो तरीही ऐकू येतो. कारण घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असते. हलणारी तार तिच्यावर पुन्हापुन्हा टेकते आणि सुटते, आणि तेथे नवे उपस्वर जन्माला येतात. आपल्या कारागिरांनी हातांनी घासूनघासून जे साधले होते, ते पुस्तकातल्या नियमात बसत नव्हते. चूक कारागिरांची नव्हती. नियम ज्या आदर्श तारेसाठी होता, ती येथे नव्हतीच.

गज काय करतो?

आता किंगरीकडे वळू. गज तारेवर फिरतो तेव्हा तार सतत घसरत नाही. राळ लावलेले केस तारेला धरून काही अंतर ओढून नेतात, ताण पुरेसा वाढला की तार सुटून झटकन मागे येते, आणि केस तिला पुन्हा पकडतात. एका कंपनात एकदा धरणे आणि एकदा सुटणे. हेल्महोल्ट्झने खास सूक्ष्मदर्शक वापरून पाहिले तेव्हा घासलेली तार गोलाईत वाकत नाही असे त्याला दिसले. ती दोन सरळ तुकड्यांत असते, आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून गोलगोल पळत राहतो. रामन यांनी १९१८ मध्ये याच विषयावर मोठा प्रबंध लिहिला. या हालचालीत घोडीवर सगळेच उपस्वर पोचतात : १००, ५०, ३३, २५ असे उतरत जाणारे. मुख्य गोष्ट ही, की गज चालू आहे तोवर ते टिकतात.

किंगरीला गजच का, याचे उत्तर तिच्या बांधणीत सापडते. केसांची तार म्हणजे अनेक केसांचा जुडगा. हलताना केस एकमेकांवर घासतात, आणि शक्ती आतच खर्च होते. त्यात वरचे कातडे हलके. ते तारेची शक्ती झटपट ओढून घेऊन हवेला देते. अशी तार छेडली तर ‘ठुप्प’ होऊन आवाज विझतो. तळाला भोक असलेल्या रांजणासारखे हे आहे. एकदाच पाणी ओतले तर तो लगेच रिकामा होणार, पण वरून धार चालू ठेवली तर पातळी टिकते. गज ही ती धार. किन्नेऱ्याचे उलट आहे. त्याची धातूची तार शक्ती हळू सोडते, म्हणून एकदा छेडली तरी ती गुणगुणत राहते. तेव्हा केस, कातडे आणि गज या तीन गोष्टी एकत्र येणे हा केवळ योगायोग नाही. 

आणि हे सगळे कशासाठी? परधानाला रात्रभर कथा गायची असते. गज गळ्याबरोबर चालतो, ओळ लांबली की तोही लांबतो, आणि श्वास घ्यायला गायक थांबला तरी स्वर खाली पडत नाही. पडदे नसल्याने बोट तारेवरून सरकत जाते, आणि बोललेल्या शब्दासारखा स्वरही वर-खाली वळतो. किन्नेरा शब्दांच्या मधल्या जागा ठोक्यांनी भरतो, तर किंगरी शब्दांच्या खालून चालते. कथा सांगण्याच्या या दोन रीती आहेत, आणि त्यांतून आवाजाच्या दोन रीती निघाल्या.

गजाचा जन्म कोठला यावर विद्वानांत वाद आहे. वेर्नर बाखमान यांनी १९६४ च्या ग्रंथात तो मध्य आशियात, नवव्या-दहाव्या शतकाकडे नेला. आपल्याकडचे काही अभ्यासक तो भारतात शोधतात. या वादात परधानांच्या किंगरीसारखी वाद्ये साक्षीदार म्हणून महत्त्वाची आहेत. साक्षीदार बोलेनासा झाला की वादही अर्धवट राहतो.

चांगला आवाज म्हणजे काय?

किंगरीचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा शहरी माणूस पुष्कळदा म्हणतो, ‘खरखर फार आहे.’ ती खरखर खरी आहे. गजाने धरण्या-सोडण्याचा तो आवाज आहे, आणि जंगलातल्या मोकळ्या अंगणात तो गळ्याखाली दबून जात नाही. खरखरीला दोष म्हणायचे तर तंबोऱ्याच्या जवारीलाही दोष म्हणावे लागेल, कारण उपस्वरांची गर्दी तीच आहे. एकीला आपण झंकार म्हणतो, दुसरीला खरखर.

आणखी एक गोष्ट. गावोगावी साथीला पेटी आली. ती सोयीची आहे, पण तिचे स्वर ठरलेल्या जागी बसवलेले आहेत. त्यांच्या मधून सरकता येत नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. ती बंदी योग्य होती की नव्हती, हा वेगळा प्रश्न. पण रागसंगीताची मींड जपण्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती परधानाच्या सरकत्या स्वरासाठी कोणी घेतली नाही. किंगरी गेली तर फक्त एक वाद्य जाणार नाही. गोंडीचे शब्द कोठे चढतात, कोठे उतरतात, कुळाचे नाव घेताना कोठे थांबतात, हे त्या गजात साठवलेले आहे. १८६६ च्या छापील गीतात नेमके तेवढेच नाही.

वर्गात करून पाहा

एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या. तळाला बारीक भोक पाडून त्यातून जाड सुती दोरा ओवा आणि आत गाठ मारा. दोरा ताणून बोटाने छेडा. ‘ठुप्प’ असा आवाज येऊन लगेच विझेल. आता दोऱ्याला राळ चोळा (रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाख देण्यासाठी ती असते, नसेल तर ओले फडके चालेल) आणि चिमटीत धरून बोटे खाली ओढा. डबा डरकाळी फोडतो. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा मुले आधी दचकली आणि मग आळीपाळीने डबा मागू लागली. दोरा तोच, डबा तोच, फक्त शक्ती देण्याची रीत बदलली. दुसऱ्या प्रयोगासाठी सोनोमीटर काढा. एकाच तारेला मध्यावर आणि मग घोडीजवळ छेडा, आणि मुलांना डोळे मिटून फरक सांगायला लावा.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेत होणारी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या आसपास किंगरी माहीत असलेले एखादे वृद्ध परधान आजोबा असतील. त्यांच्याकडे मुलांना घेऊन जावे. मात्र आधी विचारावे. किंगरी हे त्यांच्या दृष्टीने देवाच्या कामाचे वाद्य आहे, ते केव्हाही, कोणीही हाताळावे असे नसते. काही गाणी विशिष्ट प्रसंगीच गायची असतात. जे ऐकवतील ते ऐकावे, आणि परवानगी दिली तर ध्वनिमुद्रण करून एक प्रत त्यांच्या घरीच ठेवावी. तारा कशाच्या, कातडे कोणते, लाकूड कोणत्या झाडाचे, गज कोठे टेकतो, हे मुलांनी आपल्या वहीत लिहावे. हिस्लॉप यांच्या कागदांत आपल्याला शब्द मिळाले. त्या मुलांच्या वह्यांत निदान हात कसा फिरतो ते तरी उतरेल.